डाव्या हाताचं माप

९ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच केराच्या टोपलीत टाकशील, अशी निम्मी खात्री आहे. उरलेल्या निम्म्यावर लिहितोय. अकरा वर्षं झाली. मीच आधी लिहायला हवं होतं, आणि आज लिहितोय तेही कामासाठीच. तू मला लहानपणी कामापुरता मामा म्हणायचीस, ते खोटं कसं पाडू?

मला तुझ्याकडून गिटार करून हवी आहे. सहा तारांची नाही, आठ तारांची. मानेवरचे धातूचे फ्रेट पंख्यासारखे तिरके, म्हणजे जाड तारा लांब आणि बारीक तारा आखूड. अशा गिटारी करणारे बरेच आहेत, पण आमच्या धंद्यात आता जो तो तुझंच नाव घेतो. मावसबहीण आहे माझी, असं मी सांगतो, तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही. लाकूड तू निवड. तुझ्याकडे लांबून मागवलेल्या जुन्या फळ्यांचा साठा आहे असं ऐकलंय, त्यातलं चांगलं काढ.

घाई एवढ्यासाठी की ऑगस्टमध्ये आमच्या बँडचं मोठं रेकॉर्डिंग आहे. गेल्या वर्षी हाताला जरा लागलं होतं, आता ठीक आहे. तेव्हापासून एक मुलगी माझ्या जागी वाजवते. मंडळी म्हणाली, ऑगस्टपर्यंत उभा राहिलास तर जागा तुझी, नाहीतर तिची. एकोणीस वर्षं त्या बँडमध्ये काढलीत, ताई. मला दुसरं काही म्हणजे काही येत नाही.

फोन केला असता, पण तू उचलत नाहीस म्हणे.

तुझा,
बारक्या


२४ जानेवारी

चि. बारक्या,

पाकीट फोडलं. त्यावर तिकीट कमी होतं, ते मी भरलं. म्हणजे सुरुवात झाली.

कामापुरता मामा बरोबर लिहिलंस, पण पुढचं अर्धं गाळलंस. ताकापुरती आजीबाई. ती मी.

फोन मी उचलत नाही कारण दिवसभर यंत्राजवळ उभं राहून कान निम्मे गेलेत. शिवाय फोनवर माणसं काहीही बोलतात आणि नंतर मी असं म्हणालोच नव्हतो म्हणतात. कागदावर लिहिलं की पक्कं राहतं.

गिटार करीन. जुनं उगाळायची मला सवय नाही. तू सोळा वर्षांचा असताना मी सुताराच्या दुकानात झाडू मारून दोन वर्षांत तुझ्यासाठी पहिली गिटार केली, ते मी विसरले. मावशीने गिटारीचा क्लास तुला लावला आणि मला शिवण, तेही विसरले. आणि ती गिटार तू भर कार्यक्रमात आठ हजार लोकांसमोर आपटून फोडलीस, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि मला ते फोटोवरून कळलं, हेही केव्हाच विसरले. फोटोखाली 'जुन्याला निरोप' असं छापलं होतं. कसं विसरले बघ.

आता माझी पद्धत ऐक. ती मी कोणासाठी मोडत नाही. गिऱ्हाइकाने आपला हात आपणच कागदावर काढून पाठवायचा. डावा पंजा कागदावर पालथा ठेवायचा, बोटं फाकवायची, उजव्या हातात पेन्सिल धरून कडेकडेने रेघ मारायची. दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यायचा नाही. लांबी-रुंदी तर पट्टीनेही मोजता येते. माणूस वाद्याला घट्ट आवळतो की हलकं धरतो, ते मला रेघेवरून कळतं. त्यावरून मी नेकची, म्हणजे गिटारीच्या मानेची, पाठ तासते.

हात पाठव, मग बोलू.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

हात पाठवतोय. तुझ्या नियमाप्रमाणे मीच काढलाय.

फोडलेल्या गिटारीचं म्हणशील तर तेव्हा सगळेच फोडायचे. शेवटचं गाणं झालं, लोक ओरडत होते, आणि माझ्या गळ्यात त्या वेळी नेमकी ती होती. मुद्दाम नव्हतं. घरी आल्यावर वाईट वाटलं, पण तुला कसं सांगायचं ते सुचेना, आणि मग एक वर्ष गेलं, आणि मग सांगण्यात अर्थच उरला नाही. तू ओळखतेस मला. चूक झाली की मी तोंड लपवून बसतो.

नेक बारीक कर. हात फार ताणावा लागू नये.

तुझा,
बारक्या


२६ फेब्रुवारी

चि. बारक्या,

हात मिळाला. माझ्याकडे तीनशेच्या वर हात आहेत, फायलीत लावलेले. त्यात इतकी थरथरलेली रेघ एक ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची आहे आणि दुसरी तुझी. चहा जास्त झाला होता का रे?

आणि करंगळी चांगली सरळ आली आहे. लहानपणी तू कुंपणाच्या भिंतीवरून पडलास तेव्हा डावी करंगळी वाकडी बसली होती, मावशी रडून रडून अर्धी झाली होती. वय वाढलं की बोटं सुधारतात, हे मला नवीन. असो. मी काही डॉक्टर नाही.

एक काम कर. उजव्या हाताचंही माप पाठव. मला दोन्ही बघायचेत.

नेक बारीक होणार नाही. आठ तारा बसवायच्या तर नेकच्या वरच्या टोकाला, नटपाशी, सव्वादोन इंच रुंदी लागते. एवढ्या रुंदीवर चारही बोटं लागतात, करंगळी तर फार. पण तुला काय अडचण? तू कुठे म्हणालास काही अडचण आहे?

ताई


१५ मार्च

ताई,

उजवा हात सोबत आहे. रेघ बायकोने मारली. तुझा नियम मोडला, माफ कर, पण उजवा माझा मला नीट काढता येत नाही.

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. करंगळीचं वाचून आधी पत्र बाजूला ठेवून दिलं. मग उजव्या हाताचं वाचलं आणि मी हसलो. बायको आतून बघायला आली, की हा एकटाच कशाला हसतोय. कित्येक महिन्यांनी हसलो असेन. उजवा कशाला मागितलास ते मी विचारत नाही. तुझं काम तुला माहीत. तू आहेस तशीच आहेस, चार शिव्या घातल्याशिवाय तुझ्या हातून कोणाचं भलं होत नाही.

मंडळींना सांगून टाकलं, ताई करतेय, आता काळजी नाही. ड्रमवाल्याला तर नाचायचंच बाकी होतं. ती मुलगीसुद्धा बरं झालं म्हणाली. चांगली आहे ती. माझी जागा गरम ठेवलीय एवढंच, असं म्हणते.

आजपासून रोज बसतो.

तुझा,
बारक्या


२० एप्रिल

चि. बारक्या,

काम कुठवर आलंय ते लिहिते. गिऱ्हाइकाला लिहावं लागतं.

नेक पाच पट्ट्यांची आहे, तीन काळपट वेंगे लाकडाच्या आणि मध्ये दोन लालभडक पडौकच्या. वेंगेची कुसळं बोटात शिरली की पिकतात. माझी दोन बोटं आठवडाभर ठणकत होती. दोन बोटं नसली की कामाचं काय होतं, ते तेव्हा कळलं. फ्रेटची पट्टी आबनुसाची, इतकी काळी की खिडकीत धरली तर तोंड दिसतं. बॉडी महोगनीची. वरचं पातळ आवरण मी बारा वर्षं राखून ठेवलेल्या एका फळीतून काढलं. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आहेत. ती फळी मी कोणालाही दिली नव्हती. चांगल्या गिऱ्हाइकांना नाही म्हटलं. तुला का देतेय ते विचार मनाला.

जाड तारेला अठ्ठावीस इंच, बारीक तारेला साडेपंचवीस. सगळं आखून झालंय. फ्रेटच्या खाचा मात्र अजून पाडलेल्या नाहीत. सरळ फ्रेटची गिटार असती तर कधीही तारा काढून उलट्या बाजूने लावता आल्या असत्या. तिरक्या फ्रेटचं तसं नसतं. एकदा करवत फिरली की जो हात ठरला तोच.

म्हणून आठ दिवस थांबते. काही सांगायचं असेल तर सांग. मी होऊन विचारणार नाही. आयुष्यभर मीच विचारत आले, जेवलास का, सराव केलास का, पोचलास का. आता तोंड तुला आहे.

ताई


२७ एप्रिल

ताई,

मला वेगळं काही सांगायचं नाही. दोन्ही हात तुझ्यासमोर आहेत, तुला दिसायचं ते दिसलंच असेल. आता तुझ्या मनात जसं आहे तसंच कर. बिनधास्त पाड खाचा.

सांग म्हणतेस, पण काही गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत आणि कागदावर तर त्याहून नाहीत. तेवढी सूट दे. तू नेहमीच दिलीस.

रोज पाच तास बसतो. बोटांना घट्टे पडायला लागलेत. पहिले दोन आठवडे आग आग व्हायची, क्लासच्या पहिल्या वर्षी व्हायची तशीच. परवा पहिल्यांदा एक अख्खं गाणं न अडखळता आलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. नंतर संध्याकाळभर तेच गुणगुणत होती.

फळी मला दिलीस, त्याचं काय बोलू? मिळाली की बोलेन.

तुझा,
बारक्या


१९ जुलै
(हे पत्र खोक्यात, गिटारीच्या खाली ठेवतेय.)

बारक्या,

गिटार बघितलीस ना? आता बस आणि वाच.

माझ्या हातून आजवर एवढं चांगलं काम झालेलं नाही. नेकची पाठ तू पाठवलेल्या हाताला बोटाच्या पेरापर्यंत बरोबर बसेल. फक्त तो हात तुझा डावा नाही.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. डावा हात काढताना पेन्सिल उजव्यात असते. तुझी उजव्याची रेघ मला माहीत आहे, पत्राचं अक्षर समोरच होतं, कसं सुतासारखं. तशा माणसाची रेघ थरथरत नाही. तू उजवा पंजा कागदावर उताणा ठेवलास, म्हणजे आकार डाव्यासारखा येतो, आणि पेन्सिल डाव्याच्या उरलेल्या बोटांत कशीबशी धरलीस. मग बायकोने काढलेला उजवा आला. दोन्ही कागद एकमेकांवर पालथे ठेवून खिडकीच्या काचेला लावले. केसाचा फरक नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमचा तारा विकणारा तुमच्या बँडलाही तारा देतो. त्याला सहज विचारलं. सामानाच्या गाडीचं मागचं दार, आणि डाव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मुळापासून. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. म्हणजे हाताला जरा लागलं होतं ते हे.

मी वाट बघितली. करंगळीचं काढलं, तू हसलास. दोन बोटांचं काढलं, तू चक्क बोटांना घट्टे पडलेत म्हणून लिहिलंस! कुठल्या बोटांना रे? कुठलं अख्खं गाणं? मला किती खुळी समजतोस? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आठ दिवस म्हटलं होतं, मी तीन आठवडे करवतीला हात लावला नाही. रोज टपाल बघत होते. मग पाडल्या खाचा, तू मागितल्यास तशाच, तुझ्या जुन्या हाताला.

आता ऐक, तुला काय मिळालं असतं. मी उलटी गिटार केली असती. उजवा हात फ्रेटवर, आणि डाव्यात तारा छेडायला नुसता पिक. पिक धरायला अंगठा आणि शेजारचं बोट, बास. तुझी ती शाबूत आहेत. सहा महिने सराव करून लोक बाजू बदलतात, माझ्याकडे तशी दोन गिऱ्हाइकं आहेत. तुला जमलं असतं. लाकूड हेच, माप हेच, फक्त आरशातलं. मला जास्त मेहनत एका पैचीही नव्हती.

त्यासाठी तुला एक ओळ लिहायची होती. ताई, माझी बोटं गेली. एवढीच. फोडलेली गिटार मी परत मागत नव्हते. एकदा तरी तू मान खाली घालून माझ्या दारात यावंस, एवढंच मला हवं होतं. नाही आलास.

म्हणून ही घे. भिंतीवर लाव. दिसायला सुंदर आहे.

ताई


६ ऑगस्ट

ताई,

पत्र उशिरा वाचलं, कारण ते गिटारीच्या खाली होतं आणि गिटार मी बराच वेळ हातातून खाली ठेवली नाही.

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. जानेवारीत मी खुळा होतो. जाड झालेल्या माणसाने लग्नातल्या मापाचे कपडे शिवायला टाकावेत तशी मी जुन्या हाताची गिटार मागितली. वाटलं, वाद्य आलं की हात येईल. तुला खोटा हात पाठवला, आणि त्या दिवशी रात्रभर स्वतःची किळस आली.

पण मग तू उजवा मागितलास. डाव्याने तारा दाबणाऱ्याच्या उजव्या हाताचं माप कोणी मागत नाही, ताई. कोणताच कारागीर मागत नाही. मला वाटलं, हिला कळलं. कळलं आणि मला लाजवायचं नाही म्हणून गुपचूप उलटी करतेय. मी तुला तसंच ओळखत होतो. लहानपणी मी काही सांडलं की तू आधी धपाटा घालायचीस आणि आई यायच्या आत पुसून टाकायचीस.

दुसऱ्याच दिवशी डावखुऱ्यांची एक स्वस्तातली सहा तारांची गिटार आणली. घट्टे उजव्या हाताला पडले. ते गाणंही उजव्यानेच आलं. एकेका पत्रात तू टोमणे मारत होतीस आणि मी म्हणत होतो, ताईच ती, प्रेम असं वाकड्यानेच करते. खाचा पाडायच्या आधी सांग म्हणालीस, तेव्हा मला वाटलं तू माझ्याकडून नुसता होकार मागतेयस. बिनधास्त पाड, असं लिहिलं. तो होकार होता.

खोका मी सगळ्यांसमोर उघडला. मीच बोलावलं होतं सगळ्यांना. ताईला मी काही सांगितलं नाही, तरी तिने ओळखलं, असं पाच महिने सांगत होतो त्यांना. रेकॉर्डिंगवाला आला होता, ती मुलगी तिची गिटार आवरून ठेवून आली होती. कापड काढलं तेव्हा सगळे जवळ सरकले, इतकी देखणी आहे. मी पट्टा उजव्या खांद्यावर घेतला. ड्रमवाला म्हणाला, उलटी धरलीस रे. मी म्हटलं, नाही, मला अशीच धरायची आहे. मग फ्रेटकडे बघितलं. मग बाकीच्यांनीही बघितलं. सगळे खाली बघायला लागले. बायको मागे उभी होती, ती म्हणाली, अहो, चुकून दुसऱ्या कोणाची आली असेल. तिला वाटलं खोकी बदलली.

नवी करायला परत सहा महिने लागतील. रेकॉर्डिंग सोमवारी आहे.

मुलगी गिटारीला हात लावायला तयार नव्हती. मीच तिच्या गळ्यात घातली. तिचे हात मोठे आहेत. नेक तिला बरोबर बसते, करंगळी शेवटच्या तारेपर्यंत सहज जाते. पाच मिनिटं वाजवलं तिने आणि रडायला लागली. मी म्हटलं, वाजव, थांबू नकोस. आवाज फार चांगला आहे, ताई. जाड तार पोटात वाजते. भिंतीवर लावायला नको होती ती.

आता मंडळींनी मला एक काम देऊ केलंय. कार्यक्रमाच्या आधी तिच्यासाठी ती सुरात लावून द्यायची, तार तुटली तर बदलायची, झाल्यावर पुसून खोक्यात ठेवायची. मी हो म्हटलं. खुंट्या पिळायला एवढी बोटं पुरतात.

बारक्या